चार-सहा जणांची फॅन्टसी बेसबॉल लीग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये आम्ही काही जण अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलवर छोटी फॅन्टसी लीग, म्हणजे खऱ्या खेळाडूंचे कागदावरचे संघ करून खेळायची स्पर्धा, चालवतो. दोघं तिकडे नोकरी करून परत आलेले, एक शाळेत सॉफ्टबॉल शिकवणारे सर, एक पिंपळगावचा द्राक्षबागायतदार. ‘आम्हालाही करायची आहे, पण माणसंच मिळत नाहीत’ असं सांगणारे बरेच भेटतात आणि प्रश्न तेच ते असतात. या खेळाचे छापील नियम दहा-बारा संघ गृहीत धरून लिहिलेले असतात. चौघांत ते जसेच्या तसे लावले की महिन्याभरात कंटाळा येतो, म्हणून ही उत्तरं एकत्र केली. नवखे असाल तर पहिल्यापासून वाचा. लीग चालू असेल आणि भांडण लागलं असेल तर थेट १३ व्या प्रश्नावर जा.

१. हे ड्रीम इलेव्हनसारखंच आहे ना?

नाही. तिथे प्रत्येक सामन्याला नवा संघ लावायचा आणि एकच खेळाडू हजारो लोकांकडे असू शकतो. इथे मार्चअखेर एकदाच खेळाडू वाटून घ्यायचे. जो माझ्याकडे आला तो सहा महिने माझा. तुम्हाला हवा असेल तर माझ्याशी सौदा करा. खऱ्या सामन्यांत तो जे करेल ते माझ्या संघाच्या खात्यात जमा होतं. हंगाम मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर चालतो आणि प्रत्येक खरा संघ १६२ सामने खेळतो. त्यानंतरचे प्लेऑफ आणि वर्ल्ड सिरीज फॅन्टसीत धरत नाहीत.

२. मला क्रिकेट येतं, बेसबॉल जेमतेम. खेळता येईल का?

येईल. शाळेत सॉफ्टबॉल खेळला असाल तर अर्धं काम झालंच आहे. दहा रकाने समजले की पुरे. बॅटरचे पाच: रन, होम रन, आरबीआय म्हणजे त्याच्या फटक्यावर घरी आलेले रन, स्टील म्हणजे चोरलेले बेस, आणि बॅटिंग ॲव्हरेज. पिचरचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचे, पाच: विन म्हणजे त्याच्या नावावर लागलेला विजय, सेव्ह म्हणजे शेवटी येऊन राखलेली आघाडी, स्ट्राइकआउट म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर, ईआरए आणि व्हिप.

क्रिकेटवाल्यांची गल्लत ॲव्हरेजपाशी होते. इथे ॲव्हरेज म्हणजे हिट भागिले अधिकृत संधी. दहापैकी तीन वेळा हिट मिळवणारा, म्हणजे .३०० वाला, उत्तम बॅटर समजला जातो. ईआरए म्हणजे पिचरने दर नऊ इनिंग्जमागे (म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे) दिलेले रन, फिल्डरच्या चुकीमुळे गेलेले वगळून. व्हिप म्हणजे दर इनिंगमागे किती जणांना हिट किंवा वॉकवर (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट) बेसवर जाऊ दिलं. हे दोन्ही आकडे जितके खाली तितके चांगले. बाकी सगळं एप्रिलभर बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याच्या आकड्यांचे तक्ते, वाचता वाचता कळतं.

३. कमीत कमी किती जण लागतात?

चार असले की लीग मस्त चालते. सहा असतील तर देवच पावला. तीन आणि पाचमध्ये वेळापत्रकाची अडचण येते, तिच्यावरचा उपाय प्रश्न १० मध्ये आहे. दोघांनाही खेळता येतं, पण सौदे करायला तिसरं कोणी नसल्यामुळे अर्धी गंमत जाते. माणसं वाढवण्यासाठी मात्र कुणाच्या गळ्यात पडू नका. मेहुण्याला बळंच घेतलं की तो जूनमध्ये लाइनअप (कोणाला खेळवायचं त्याची यादी) लावणं सोडतो आणि मग प्रश्न १७ समोर येतो.

४. आम्ही चौघांनी ड्राफ्ट केला, म्हणजे पाळीपाळीने खेळाडू निवडले, आणि चारही संघ ऑल-स्टार निघाले. कुणाची कमतरताच जाणवत नाही. काय चुकतंय?

तुमची माणसं कमी नाहीत, खेळाडू जास्त आहेत. छोट्या लीगचं सगळं दुखणं इथेच आहे. चौघांच्या पंगतीत वीस किलो श्रीखंड ठेवलं तर शेजारच्याच्या वाटीकडे कोण बघेल?

हिशोब करून बघा. मेजर लीगमध्ये ३० संघ, प्रत्येकी २६ खेळाडू, म्हणजे एका वेळी ७८० जण. बारा जणांच्या रूढ लीगमध्ये प्रत्येकाकडे २३ खेळाडू असतात, म्हणजे २७६ उचलले जातात. हे साधारण ३५ टक्के झाले. चौघांत उचलले जातात फक्त ९२, म्हणजे जेमतेम १२ टक्के. तुमचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला फिल्डर) जखमी झाला की मोकळ्या खेळाडूंत त्याच्या तोडीचा दुसरा हात जोडून उभाच असतो. मग राखीव कोण ठेवायचा, सौदा कुणाशी करायचा, कुणासाठी जास्त मोजायचे, हे प्रश्नच उरत नाहीत. फॅन्टसीचा सगळा खेळ टंचाईवर चालतो.

म्हणून पूल, म्हणजे निवडायला मोकळे असलेल्या खेळाडूंचा साठा, कापा. नियम सोपा आहे: दर फॅन्टसी संघामागे अडीच खरे संघ. चौघांना दहा खरे संघ, म्हणजे २६० खेळाडू. त्यातले ९२ उचलले की पुन्हा ३५ टक्के. सहा जण असाल तर १५ खरे संघ, म्हणजे मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक: अख्खी अमेरिकन लीग किंवा अख्खी नॅशनल लीग. ३९० पैकी १३८, तेच ३५ टक्के. दोघांना पाच खरे संघ पुरतात. मेजर लीगचे सहा विभाग आहेत आणि प्रत्येकात पाच संघ आहेत, त्यामुळे दोघांना एक विभाग, चौघांना दोन आणि सहा जणांना तीन असं अगदी नीट बसतं.

याचा परिणाम पहिल्याच दिवशी दिसतो. प्रत्येकाला दोन कॅचर (बॅटरच्या मागे बसणारे, विकेटकीपरसारखे) लागतात, म्हणजे चौघांना आठ. पूलमध्ये रोज खेळणारे कॅचर साधारण दहा. सेव्ह मिळवणारे क्लोजर, म्हणजे सामना संपवायला येणारे पिचर, तेही एका खऱ्या संघाला एक, म्हणजे दहाच. मागे उरलेल्यांतून ज्याला शेवटी दोन कॅचर घ्यावे लागतात, त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

ही युक्ती काही आमची नव्हे. १९८० साली डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी या प्रकारची पहिली लीग चालवली, ती फक्त नॅशनल लीगच्या खेळाडूंवर. न्यूयॉर्कच्या ज्या रेस्टॉरंटवरून या पद्धतीला ‘रोटिसरी’ किंवा लाडाने ‘रोटो’ म्हणतात, तिथूनच पूल कापण्याची रीत चालत आली आहे.

५. मग दोन विभाग कोणते निवडायचे?

आम्ही एक पूर्वेचा आणि एक पश्चिमेचा घेतो: अमेरिकन लीग पूर्व (यांकीज, रेड सॉक्स, ब्लू जेज, रेज, ओरिओल्स) आणि नॅशनल लीग पश्चिम (डॉजर्स, पाद्रेज, जायंट्स, डायमंडबॅक्स, रॉकीज). यांकीजचा ॲरन जज एकीकडे, डॉजर्सचा शोहेई ओहतानी दुसरीकडे, दोघंही मोठे तारे, त्यामुळे लिलावाला रंग चढतो. शिवाय पश्चिमेचे रात्रीचे सामने आपल्याकडे सकाळी पावणेआठच्या सुमारास सुरू होतात. चहा घेता घेता दोन-तीन इनिंग्ज बघून होतात.

विभाग निवडताना मैदानंही बघा. रॉकीजचं डेनव्हरचं मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत फटकावलेला चेंडू लांब जातो आणि पिचरने टाकलेला कमी वळतो. रॉकीजचे बॅटर घरी वाघ असतात आणि बाहेर शेळी. उलट त्याच विभागातल्या बाकी चार संघांच्या पिचरांना वर्षातून काही वेळा तिथे जावंच लागतं, कारण विभागातल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी १३ सामने असतात. त्या आठवड्यात आपला चांगला पिचरसुद्धा बाहेर बसवायचा की नाही, यावर सर आणि मी दरवर्षी वाद घालतो. माझं मत: बाहेर बसवा.

६. सगळे खेळाडू ठेवून फक्त संघ मोठे केले तर?

करता येतं. प्रत्येकी ४० खेळाडू ठेवले तर चौघांचे १६० होतात, म्हणजे २० टक्के. टंचाई थोडी वाढते, पण तीसच्या पुढचे खेळाडू नुसतेच यादीत पडून राहतात आणि लाइनअप लावायला तासभर जातो. नोकरी-धंदा सांभाळून खेळणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

७. ॲपमध्ये फक्त दोन विभाग घेण्याची सोय दिसत नाही. काय करू?

अमेरिकन किंवा नॅशनल अशी एकच लीग निवडायची सोय बऱ्याच ठिकाणी असते. दोन विभागांची नसेल तर पूल आपसात ठरवा आणि ॲपमध्ये सगळे खेळाडू राहू द्या. कुणी पूलबाहेरचा उचलला तर कमिशनरने, म्हणजे लीगचा कारभार बघणाऱ्याने, तो त्याच दिवशी काढायचा आणि त्याचे आकडे धरायचे नाहीत. लीगचा करारनामा एका कागदावर लिहून चौघांच्या ग्रुपवर टाकून ठेवा. तोंडी ठरलेलं जुलैत कुणालाच आठवत नाही.

८. ड्राफ्ट करायचा की लिलाव?

लिलाव, डोळे मिटून. सापासारख्या ड्राफ्टमध्ये क्रम १-२-३-४-४-३-२-१ असा फिरतो. चौघांत तुमची पाळी इतक्या लवकर परत येते की डावपेचाला वावच राहत नाही; दोन पाळ्यांमध्ये जास्तीत जास्त सहा खेळाडू जातात. लिलावात प्रत्येकाला ओहतानी घ्यायची संधी असते, फक्त किंमत मोजायची तयारी हवी. आयपीएलमुळे आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

रूढ प्रमाण म्हणजे २६० डॉलर आणि २३ खेळाडू: दोन कॅचर, चार इनफिल्डर, एक कोपऱ्याचा (पहिल्या किंवा तिसऱ्या बेसचा), एक मधला (दुसऱ्या बेसचा किंवा शॉर्टस्टॉप), पाच आउटफिल्डर, एक कुठलाही बॅटर आणि नऊ पिचर. डॉलर म्हणा, रुपये म्हणा, हे पैसे कागदावरचेच. प्रत्येक रिकाम्या जागेसाठी किमान एक डॉलर शिल्लक ठेवावाच लागतो, म्हणून पहिली बोली कितीही मोठी झाली तरी २३८ च्या वर जाऊ शकत नाही.

आम्ही ड्रॉइंगचा मोठा कागद भिंतीला चिकटवतो आणि त्यावर चार उभे रकाने आखतो. खेळाडूचं नाव स्केचपेनने, किंमत पेन्सिलने, आणि तळाशी उरलेली रक्कम दर बोलीनंतर खोडून नव्याने. लॅपटॉपवर हे सोपं पडतं, पण कोणाचे पैसे संपत आले ते समोरच्या भिंतीवर दिसत असलं की बोलीची तऱ्हाच बदलते.

९. आमच्या लिलावात भावच चढत नाहीत. दोघं गप्प बसतात आणि सगळं एका-दोन डॉलरला जातं.

बहुधा तुम्ही पूल कापलेला नाही (प्रश्न ४). कापला असेल आणि तरीही असं होत असेल तर दोन गोष्टी करा. खेळाडूचं नाव पुकारणाऱ्याने पहिली बोली स्वतःच लावायची, आणि ती त्याच्यावर बंधनकारक. आणि पैसे हंगामात पुढे नेता येणार नाहीत, उरले ते वाया, हे आधीच जाहीर करा. मग बघा.

एक डावपेच सांगून ठेवतो. आपल्याला नको असलेला मोठा खेळाडू सुरुवातीलाच पुकारायचा. चौघांपैकी एकाचे ६० डॉलर खर्ची पडले की पुढच्या खेळाडूसाठी स्पर्धक तीनच उरतात. बारा जणांत याने फारसा फरक पडत नाही, चौघांत पडतो. फक्त एक धोका आहे: बाकीचे तिघं गप्प बसले तर नको असलेला खेळाडू आपल्याच गळ्यात पडतो.

१०. गुण कसे द्यायचे, रोटो की समोरासमोर? आणि संघ तीन किंवा पाच असतील तर?

रोटोमध्ये हंगामभराच्या बेरजेवर प्रत्येक रकान्यात क्रम लागतो. चार संघ असतील तर पहिल्याला ४, शेवटच्याला १. दहा रकाने, म्हणून जास्तीत जास्त ४० आणि कमीत कमी १०. ऑगस्टपर्यंत बहुतेक रकान्यांतली अंतरं इतकी वाढतात की सगळी लढत दोन-तीन गुणांवर येऊन थांबते आणि तळाच्या माणसाला करायला काही उरत नाही.

समोरासमोर खेळलात तर दर आठवड्याला निकाल लागतो, पण चौघांत त्याच तिघांशी आलटून पालटून खेळावं लागतं. शिवाय आपण दुसऱ्या क्रमांकाचे आकडे काढूनही नेमके पहिल्याशी भिडलो तर हरतो. विषम संख्या असेल तर एक जण दर आठवड्याला बाहेर बसतो.

आम्ही ‘सगळे विरुद्ध सगळे’ खेळतो. प्रत्येक आठवड्यात तुमची तुलना बाकी प्रत्येकाशी होते. दहापैकी जास्त रकाने ज्याचे तो जिंकला, पाच-पाच झाले तर बरोबरी. चार संघ असतील तर आठवड्याला तीन निकाल, पाच असतील तर चार. कुणी बाहेर बसत नाही, नशिबाचा भाग कमी होतो, आणि एखाद्या वाईट महिन्यानंतरही वर येता येतं. पाच संघांना आकड्यांप्रमाणे साडेबारा खरे संघ हवेत. आम्ही असतो तर एक पूर्ण लीग घेऊन थोडी सैल ठेवली असती.

११. सामने पहाटे असतात. रोज उठून लाइनअप लावायची का?

मुळीच नको. आठवड्यातून एकदाच लावा. उन्हाळी वेळेत न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं आणि लॉस एंजेलिस साडेबारा. पूर्वेचा संध्याकाळी ७:०५ चा सामना नाशिकमध्ये पहाटे ४:३५ ला सुरू होतो, आणि कोण खेळणार हे त्याआधी दोन-चार तास कळतं, म्हणजे ऐन मध्यरात्री. रोजची लाइनअप ठेवलीत तर जो रात्री जागतो तोच जिंकतो.

कुलूप लावायची, म्हणजे ज्यानंतर लाइनअप बदलता येणार नाही ती, वेळ नीट निवडा. अमेरिकेतला रविवार आपल्याकडे सोमवारी सकाळी संपतो, कारण रविवारच्या रात्रीचा सामना आपल्याकडे सकाळी साडेसात-आठपर्यंत चालतो. सोमवारचे सामने आपल्याकडे बहुधा रात्री दहानंतर किंवा मंगळवारी पहाटे सुरू होतात. मधला अख्खा दिवस मोकळा असतो, म्हणून आमची वेळ सोमवार, रात्री ८. नऊ-साडेनऊ का नाही, असं विचाराल, तर एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी बॉस्टनमध्ये पेट्रिअट्स डेची सुट्टी असते आणि रेड सॉक्सचा सामना तिकडे सकाळीच सुरू होतो, आपल्याकडे रात्री पावणेनऊच्या आत. पूलमध्ये रेड सॉक्स असतील तर हा सोमवार हमखास कुणाला तरी फसवतो.

१२. एक जण दर दोन दिवसांनी मोकळे पिचर उचलतो, एक सामना झाला की सोडून देतो. हे नियमात बसतं का?

तुम्ही त्याविरुद्ध नियम करत नाही तोपर्यंत बसतं. याला स्ट्रीमिंग म्हणतात. त्यामुळे विन आणि स्ट्राइकआउटचे आकडे फुगतात. साप्ताहिक कुलूप (प्रश्न ११) असलं की अर्धा उपद्रव आपोआप थांबतो. उरलेल्यासाठी आठवड्याला दोनच बदलांची मर्यादा ठेवा.

आणि मोकळा खेळाडू ‘आधी दिसला त्याचा’ या तत्त्वावर देऊ नका. प्रत्येकाला हंगामासाठी १०० चं वेगळं बजेट द्या. ज्याला खेळाडू हवा त्याने रविवारी रात्रीपर्यंत बंद बोली कमिशनरकडे पाठवायची. कमिशनरने आपली बोली आधी दुसऱ्या कुणाकडे तरी ठेवायची; एवढं पथ्य पाळलं की कुरबुर होत नाही.

१३. लीगमध्ये माझा सख्खा भाऊ आहे. आम्ही सौदा केला की बाकीचे दोघं ‘घरातल्या घरात’ म्हणून रद्द करायला बघतात. चौघांत मतदान कसं घ्यायचं?

घेऊच नका. चौघांपैकी दोघं सौद्यात असतात, उरलेले दोघं त्यांचे प्रतिस्पर्धी. त्यांना तो सौदा नकोच असतो, मग तो कितीही सरळ का असेना. बारा जणांच्या लीगमधली नकाराधिकाराची पद्धत इथे म्हणजे दुसऱ्याचा सौदा मोडायचा परवाना.

आमच्याकडे असं चालतं: सौदा करणाऱ्या दोघांनी आपापलं कारण दोन ओळींत ग्रुपवर लिहायचं, ‘मला स्टील कमी पडतायत, त्याला क्लोजर हवा’ असं. चोवीस तास थांबायचं. उरलेल्या दोघांनीही हरकत घेतली तरच प्रकरण पंचाकडे जातं. पंच म्हणजे लीगबाहेरचा, बेसबॉल कळणारा कोणीतरी. त्याने एकच गोष्ट बघायची: दोन्ही बाजूंना काहीतरी मिळतंय का? सौदा मूर्खपणाचा असला तरी चालतो, मिलीभगत असू नये. भावाभावांत तर कारण लिहिण्याचा नियम अजिबात सोडू नका, त्याने तुमचीच बाजू सुरक्षित राहते.

सौद्यांची मुदत जुलैअखेर संपवा. ऑगस्टमध्ये ज्याचं आव्हान संपलं त्याने मित्राला खेळाडू फुकट देणं, ही खरी भांडणाची जागा.

१४. माझा खेळाडू खऱ्या संघाने दुसरीकडे विकला आणि तो आता आमच्या पूलच्या बाहेर गेला. मग?

पूल कापला की हा प्रश्न येणारच. जुना कडक नियम असा की तो पूलबाहेर गेला की त्याचे आकडे थांबले. १९९७ मध्ये मार्क मॅग्वायरला ३१ जुलैला अमेरिकन लीगच्या ओकलंडने नॅशनल लीगच्या सेंट लुइसला दिलं. त्याचे ५८ होम रन ३४ आणि २४ असे दोन लीगमध्ये वाटले गेले, त्यामुळे सगळ्यांत जास्त मारूनही तो कुठल्याच लीगच्या यादीत पहिला आला नाही. फॅन्टसीत फक्त अमेरिकन लीग खेळणाऱ्यांच्या हातून ऐन मोक्याच्या वेळी असा खेळाडू निसटत असे.

चौघांत इतकं कठोर होऊ नका. एक तारा गेला की एका माणसाचा हंगामच संपतो. आमचा नियम: बाहेर गेलेला खेळाडू तुम्ही हंगामअखेरपर्यंत ठेवू शकता, पण एकदा सोडलात की कुणालाच परत घेता येणार नाही. त्याचा सौदाही करता येतो.

उलट दिशेने बाहेरून कुणी पूलमध्ये आला तर त्याच्यावर प्रश्न १२ मधली बंद बोली लागते. म्हणून शहाणा माणूस १०० पैकी निम्मे तरी जुलैअखेरसाठी राखून ठेवतो. आणि पूलच्या आतल्या आत बदली झाली तर काहीच होत नाही. २०२५ च्या जूनमध्ये रेड सॉक्सने राफाएल डेव्हर्सला जायंट्सकडे पाठवलं. प्रश्न ५ मधल्या पूलमध्ये हा सौदा एका खिशातून दुसऱ्या खिशात.

१५. ओहतानीला एक खेळाडू धरायचं की दोन?

तो बॅटरही आहे आणि पिचरही, त्यामुळे काही ॲप त्याचे दोन भाग करतात आणि काही एकच ठेवतात. छोट्या लीगमध्ये दोन करा आणि दोन्ही वेगवेगळे लिलावात काढा. एकच धरला आणि दोन्ही आकडे मोजले तर ज्याच्याकडे तो, त्याच्याकडे चोवीसावा खेळाडू फुकट आला. २०२४ मध्ये कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे त्याने एकदाही पिचिंग केलं नाही, तरी ५४ होम रन आणि ५९ स्टील काढले. नुसता बॅटर म्हणूनसुद्धा तो लिलावातला सगळ्यात महाग माल आहे. पिचर ओहतानी बऱ्याचदा स्वस्तात जातो, कारण आठवड्यात एकापेक्षा जास्त वेळा तो क्वचितच दिसतो.

१६. जखमी खेळाडूंचं काय? आणि खालच्या लीगमधून नवा पोरगा आला तर?

खऱ्या संघांत बॅटरला किमान १० दिवसांच्या आणि पिचरला १५ दिवसांच्या जखमी यादीत टाकतात. दुखापत मोठी असेल तर ६० दिवसांच्या. तुम्ही प्रत्येकाला दोन जखमी-जागा द्या, जास्त नकोत. दहा जागा दिल्यात तर सगळी मोकळी माणसं एकाच्या दवाखान्यात जाऊन बसतात. बरा होऊन परतलेल्याला पुढच्या सोमवारच्या कुलपाआधी संघात घ्यायचं, नाहीतर सोडायचं.

नवा खेळाडू २६ जणांच्या मुख्य संघात दाखल झाला की त्याच क्षणी तो पूलमध्ये आला असं समजा आणि बंद बोली लावा. त्याआधी कुणालाही ‘बुक’ करू देऊ नका.

१७. चौघांपैकी एकाने जूनमध्ये खेळणं सोडलं. लीग मोडायची का?

नाही, पण लगेच हालचाल करा, कारण पाव लीग गेली आहे. आधी नवा माणूस शोधा आणि संघ आहे तसा त्याच्या ताब्यात द्या, जुन्या निकालांसकट. नाहीच मिळाला तर त्याची लाइनअप पंचाने दर सोमवारी लावायची: जखमी काढायचे, खेळणारे ठेवायचे, बाकी हात लावायचा नाही. त्याचे खेळाडू मोकळे मात्र कधीही करू नका. तेवीस चांगले खेळाडू एकदम बाजारात आले की त्या आठवड्यात ज्याच्याकडे बजेट जास्त, तोच जिंकला म्हणून समजा.

१८. पुढच्या वर्षासाठी खेळाडू रिटेन करता येतील का?

येतील, पण प्रत्येकी तीनच, आणि गेल्या वर्षीच्या किमतीपेक्षा पाच डॉलर जास्त देऊन. एकाच खेळाडूला सलग दोनदाच. चौघांत जास्त राखायला दिले तर पुढचा लिलाव सुरू होण्याआधीच संपलेला असतो. पूलबाहेर गेलेला खेळाडू (प्रश्न १४) रिटेन होत नाही.

१९. वर्गणी काढून विजेत्याला पैसे द्यायचे का?

आम्ही देत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. कौशल्याचा असो वा नशिबाचा, फरक नाही. त्यानंतर ड्रीम इलेव्हननेही पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. चौघांच्या मैत्रीत ही कटकट हवीच कशाला? आमच्याकडे शेवटचा येणारा ऑक्टोबरात सगळ्यांना मिसळ खाऊ घालतो. जागा विजेता ठरवतो, आणि जादा पाव मोजायचे नाहीत असा अलिखित नियम आहे.

२०. लिलाव कधी ठेवायचा? सणवार आडवे येतात.

हंगाम सुरू होण्याच्या आधीचा रविवार. मार्चच्या सुरुवातीला उरकायचा मोह टाळा. सराव सामन्यांत दरवर्षी कुणीतरी मोठा पिचर हात धरून बाहेर जातो. पाडवा त्याच सुमारास येतो, आणि आमच्यातल्या द्राक्षवाल्याची तर तेव्हा काढणी चालू असते. दिवसभर तो गाड्या भरण्यात असतो, म्हणून आम्ही रात्री आठला बसतो. चौघांचे २३ खेळाडू, म्हणजे ९२ बोल्या. तीन तास धरून चाला.

हंगामाचं दुसरं टोक गणपतीत येतं. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तर नाशिकला सिंहस्थाची पर्वस्नानंही आहेत. पंचवटीकडे राहणाऱ्यांच्या घरी तेव्हा पाहुण्यांची रीघ असेल. त्या वर्षी शेवटच्या आठवड्यांसाठी लाइनअप एकदम पंधरा दिवसांची लावायची मुभा देऊन टाका.

२१. हंगामअखेर दोघं अगदी बरोबरीत आले तर?

आधी दोघांमधले आपसातले निकाल बघा. तेही सारखे असतील तर हंगामभरात दोघांनी एकूण किती रकाने जिंकले ते. तरीही सारखे असतील तर बॅटिंग ॲव्हरेज, तिसऱ्या नव्हे तर चौथ्या दशांशापर्यंत. हे हंगामाआधी लिहून ठेवा.

एक जुनी पळवाट आता बंद झाली आहे. पूर्वी दोन खरे संघ बरोबरीत आले की १६३ वा सामना व्हायचा आणि त्याचे आकडे नियमित हंगामात धरले जायचे. २०१८ मध्ये असे दोन सामने झाले. २०२२ पासून ते होत नाहीत, खऱ्या संघांची बरोबरीही आपसातल्या निकालांवर सुटते. शेवटच्या रविवारी बहुतेक सगळे सामने तिकडे दुपारी तीनच्या सुमारास एकदम सुरू होतात, आपल्याकडे रात्री साडेबाराला. पहाटे चारपर्यंत सगळे आकडे हाती येतात. मात्र निकाल सोमवारी दुपारनंतरच जाहीर करा, कारण एखादी हिट नंतर एरर (फिल्डरची चूक) ठरवली जाते, एखादी एरर हिट ठरते, आणि चौथ्या दशांशावर लढत असेल तर तेवढ्याने मिसळीचं बिल दुसऱ्याच्या नावावर जातं.